मुलं लाडिक बोलत नाहीत

लग्नात, बारशात, सोसायटीच्या गणपतीत कुणाला तरी कळतं की मी कार्टूनला आवाज देते, आणि मग हमखास फर्माईश येते, "ताई, त्या छोट्याचा आवाज काढून दाखवा ना एकदा." मी काढते. मोठी माणसं खूश होतात, "अगदी सेम!" म्हणतात आणि पुन्हा आपापल्या गप्पांना लागतात. लहान मुलांचं तसं नसतं. ती जवळ येऊन उभी राहतात, माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि सरळ त्या पात्राशीच बोलायला लागतात. इंदिरानगरमधल्या एका बारशात पाचेक वर्षांच्या मुलीनं मला विचारलं, "सायकलची घंटी तू तोडलीस, मग बहिणीला का नाही सांगितलं?" हा प्रश्न तिनं बरेच दिवस मनात धरून ठेवलेला असणार. मी त्याच आवाजात म्हटलं, "ती रागावली असती म्हणून." तिनं जरा विचार केला. म्हणाली, "सांगायचं असतं. रागावतात, मग संपतं." आणि जिलेबी घ्यायला निघून गेली.

ती जे बोलली त्यात लाडिकपणा औषधालाही नव्हता. आता कुठल्याही मोठ्या माणसाला सांगा, लहान मुलाचा आवाज काढ. तो आवाज वर चढवेल, थोडं नाकात बोलेल, 'र'चा 'ल' करेल आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हेल काढेल. हा आवाज मुलांचा नसतोच. मोठी माणसं मुलांशी बोलताना जो आवाज लावतात, तो हा असतो. आपण तो इतकी वर्षं ऐकत आलोय की तोच मुलांचा आवाज वाटायला लागलाय, आणि आपल्याकडच्या कित्येक कार्टूनमध्येही तोच बसलाय. माझं सगळं भांडण ह्या एका गोष्टीशी आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात. जन्म नाशिकचा, लहानपण सिडकोत. बालनाट्यातून सुरुवात, मग साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं, मग आकाशवाणीच्या नाशिक केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक. डबिंगकडे त्यामानानं उशिरा वळले. सध्या एका परदेशी मालिकेच्या मराठी आवृत्तीत नऊ वर्षांच्या मुलाचा आवाज मी देते. मालिकेचं नाव इथे लिहिणं करारात बसत नाही. काम असेल तेव्हा सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून अंधेरी, आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत. गाडीत मी बोलत नाही. आमच्या डब्यातल्या पासवाल्यांना हे ठाऊक आहे. सकाळी मला सोडून सगळ्यांशी गप्पा मारतात, परतीच्या प्रवासात मात्र भडंगाची पुडी पुढे करून "आता बोला" म्हणतात.

डबिंगची खोली म्हणजे काय असतं ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की आम्ही चित्र बघत बघत गमतीगमतीत बोलतो. खोली लहान, भिंती फोमनं मढवलेल्या, एसीची घरघर नको म्हणून बऱ्याचदा तो बंद. समोर स्क्रीन, बाजूला स्टँडवर स्क्रिप्ट, कानाला हेडफोन. हेडफोनमध्ये मूळ भाषेतला आवाज येतो, त्याला आम्ही पायलट म्हणतो. काचेपलीकडे इंजिनीअर आणि डबिंग डिरेक्टर. एपिसोडचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात, एकेका तुकड्याला लूप म्हणतात. काही लूप दोन सेकंदांचे असतात. बांगड्या काढून ठेवायच्या, सळसळणारा कपडा घालायचा नाही, पोट रिकामं ठेवायचं नाही, कारण त्या शांततेत पोटाची गुरगुरही माइकला ऐकू जाते. तोंडाची चिकट चटचट येऊ नये म्हणून मी हिरव्या सफरचंदाच्या फोडी डब्यात नेते. आदल्या दिवशी मिसळ बंद. नाशिकच्या माणसाला रविवारी मिसळ नाही म्हणणं किती जड जातं, ते नाशिककरच जाणे. पण तर्री रात्रभर घशाशी येत राहिली तर सकाळी नऊ वर्षांचा मुलगा सापडत नाही.

मूळ निर्मितीत अमेरिकेकडे साधारणपणे आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि चित्रकार त्या आवाजावरून तोंडं काढतात. जपानमध्ये बहुतेक वेळा चित्र आधी आणि आवाज नंतर. आमच्याकडे येतं तेव्हा सगळंच तयार असतं, एकही चित्र हलवता येत नाही. संगीत आणि इफेक्ट्स वेगळ्या ट्रॅकवर येतात, पण पात्राचं धापा टाकणं, उचकी, घास चावणं, झोपेत कण्हणं हे सगळं मूळ संवादांबरोबर निघून गेलेलं असतं. ते पुन्हा आम्हीच करायचं. त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात आणि खरी दमछाक तिथे होते. माइकसमोरून हलायचं नाही आणि तरी डोंगर चढल्याचा श्वास लावायचा. ओरडण्याचे लूप शेवटी ठेवायला मी विनंती करते, कारण एकदा घसा खरवडला की उरलेला एपिसोड बसलेल्या आवाजात जातो.

लिप जुळवणं कार्टूनमध्ये सोपं असतं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. जपानी मालिकांत तोंडाचे आकार मोजकेच असतात, उघडं, अर्धं उघडं, मिटलेलं. त्यामुळे मधल्या अक्षरांना थोडी सूट मिळते. पण ओठ मिटले की ते मिटलेच. तिथे प, फ, ब, भ, म यातलं काहीतरी यायला हवं, आणि चित्रातलं तोंड थांबलं की आपलं वाक्यही संपलेलं हवं. म्हणून मराठी संवाद लिहिणाऱ्याचं काम फार जोखमीचं आहे. वाक्य लांबलं की कलाकार घाईत बोलतो, आणि घाई झाकायला नकळत हेल काढतो. लाडिकपणा पुष्कळदा असा लांबलेल्या वाक्यातून शिरतो.

मागच्या हिवाळ्यातला एक लूप सांगते. मुलगा स्वयंपाकघरात टेबलावर वाट्या मांडतोय. आई पाठमोरी. त्याचा संवाद एवढाच, "आज बाबा येणार नाहीत?" डिरेक्टर म्हणाले, "ताई, थोडा रडवेला द्या, प्रेक्षकांच्या काळजाला हात घातला पाहिजे." मी तसा टेक दिला. तो ठीकच झाला. मग मी म्हटलं, "दादा, एक वेगळा देऊ? तो रडत नाहीये. त्याच्या हातात वाट्या आहेत. किती मांडायच्या, हे त्याला कळायला हवंय." दादांनी चित्र पुन्हा चालवलं. मुलगा खरंच चौथी वाटी हातात धरून थांबला होता. दुसऱ्या टेकमध्ये मी प्रश्न सरळ विचारला, जसा आपण भाजीवाल्याला भाव विचारतो. टेक संपल्यावर काचेपलीकडे कुणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाले, "हाच ठेवू." मुलाचं दुःख त्या चौथ्या वाटीत होतं. मी आवाजात वेगळं रडले असते तर ते वाटीतून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

हे मी कुठे शिकले म्हणाल तर शाळेच्या रिक्षांमध्ये. आमच्या गंगापूर रोडच्या गल्लीत दुपारी रिक्षा येऊन थांबतात, दप्तरं बाहेर लोंबत असतात, आणि रिक्षावाले काका उरलेल्या मुलांची वाट बघत असतात. ती दहा मिनिटं मी गॅलरीत उभी राहून ऐकते. मुलं वाक्याच्या मधेच श्वास घेतात. मोठी माणसं अर्थ संपला की श्वास घेतात, मुलं हवा संपली की घेतात. "मी ना काल आईबरोबर सीबीएसला" इथे श्वास, मग "गेलो होतो तेव्हा तिथे एक" पुन्हा श्वास. महत्त्वाचा शब्द सापडेपर्यंत "ते... ते... ते" चालू राहतं आणि तेवढा वेळ समोरच्यानं थांबायचं असतं. आनंदाची बातमी ती पुष्कळदा सपाट आवाजात सांगतात आणि अन्यायाची मात्र पूर्ण ताकद लावून. "त्यानं माझा खोडरबर घेतला" हे वाक्य ज्या गांभीर्यानं येतं, त्या गांभीर्यानं मोठी माणसं कर्जाबद्दल बोलतात. मुलाचा आवाज द्यायचा तर ही हवा आणि हे गांभीर्य आधी पकडायला हवं. स्वर किती वर न्यायचा ते नंतर.

ज्यांनी हे ओळखलं त्यांचं काम टिकलेलं दिसतं. १९६५ साली अमेरिकन टीव्हीवर चार्ली ब्राउन ह्या कार्टून-मुलाचा पहिला नाताळ-विशेष आला, तेव्हा त्यात मुलांचे आवाज खऱ्या मुलांनी दिले होते. सगळ्यात लहान मुलीला अजून वाचता येत नव्हतं. तिला एकेक तुकडा म्हणून दाखवायचे आणि ती तो परत म्हणायची. ऐकलंत तर कळेल, वाक्यं जरा तुटक येतात, कुठेतरी भलत्याच जागी थांबतात. पण कानाला ते मूल वाटतं. ब्रिटिश पेप्पा पिगमध्ये हार्ली बर्ड पाचेक वर्षांची असताना आली आणि २०२० पर्यंत तिनं पेप्पाचा आवाज दिला. मुलीचा आवाज वाढत्या वयातही फार फुटत नाही म्हणून ते शक्य झालं. मुलग्याचा आवाज मात्र बारा-चौदाच्या आसपास फुटतो. त्यामुळे वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत मुलग्याचा आवाज बाई देते, हे जगभर चालत आलंय. जपानच्या मासाको नोझावा १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज देतायत, ऐंशी ओलांडल्यानंतरही.

माझ्या मनात सगळ्यात वरचं नाव आहे नोबुयो ओयामा यांचं. १९७९ ते २००५ एवढी वर्षं जपानीतला डोरेमॉन त्यांचा होता. आवाज गोड म्हणावा असा नव्हता, चांगला घोगरा होता. शाळेत त्यावरून मुलं त्यांना चिडवायची, तेव्हा आईनं सांगितलं की गप्प बसू नकोस, हाच आवाज जास्त वापर. त्यांनी वापरला. २०२४ मध्ये त्या गेल्या, नव्वद वर्षांच्या होत्या. मुलांच्या सर्वांत लाडक्या पात्राचा आवाज घोगरा असू शकतो, ही गोष्ट मी मुलांसाठीच्या आमच्या मे महिन्यातल्या शिबिरात दरवर्षी सांगते, कारण दरवर्षी एखादी मुलगी असते जिला घरी "किती भसाडा आवाज आहे तुझा" हे ऐकावं लागलेलं असतं.

आपल्याकडेही असं काम झालेलं आहे, फक्त त्याच्याबद्दल आपण बोलत नाही. आमच्या पिढीला १९९३ च्या सुमाराचा दूरदर्शनवरचा रविवार आठवत असेल. जपानी जंगल बुक हिंदीत आलं आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. मुलांचा कार्यक्रम आहे म्हणून नानांनी तो वाघ मवाळ केला नाही. आम्ही सिडकोतल्या बैठ्या घरात शेजाऱ्यांकडे दाटीवाटीनं बसून बघायचो आणि शेरखान बोलला की खरंच मागे सरकायचो. मुलांना घाबरायचाही मान द्यावा लागतो. त्याच्याही आधी, १९७४ ची फिल्म्स डिव्हिजनची एकतेची छोटी फिल्म, जी दूरदर्शननं पुढे कितीतरी वर्षं दाखवली, त्यातलं गाणं लहानग्या साधना सरगमनं गायलेलं आहे. आजही कुठे लागली तर तो कोवळा, जराही न नटवलेला सूर ओळखू येतो. नॉडी आणि निन्जा हातोरी हिंदीत बोलले ते मेघना एरंडे यांच्या आवाजात. हिंदी डोरेमॉनचा आवाज सोनल कौशल यांनी शाळकरी वयात द्यायला सुरुवात केली. त्यांचे जुने आणि पुढचे एपिसोड लागोपाठ ऐकून बघा, पात्र कुठेही हललेलं नाही.

आता मराठीकडे येते. आमच्या बिल्डिंगखालची मुलं घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि खेळताना हिंदी बोलतात. "तू भीम बन, मैं कालिया" असं सुरू होतं आणि पडून गुडघा फुटला की "आई गं!" होतं. कार्टून ज्या भाषेत बघितलं त्या भाषेत त्यांची कल्पना चालते, हे मी डोळ्यांनी बघते. म्हणून मराठीत बोलणारी कार्टून यायला लागली ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती पुस्तकी मराठी बोलली तर मुलं दोन मिनिटांत चॅनेल बदलतात. पात्र झाडावरून पडताना "अरे देवा, मी पडत आहे!" म्हणायला लागलं तर कसं चालेल? आमच्या स्क्रिप्टमध्ये अशी वाक्यं आली की मी थांबते आणि विचारते, "पडलो पडलो म्हणू?" बहुतेक वेळा होकार येतो. लेखकाला बिचाऱ्याला रात्रीत एपिसोड द्यायचा असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. अधिक वेळ द्या, अधिक पैसे द्या, आणि संवाद लिहिणाऱ्याला एकदा तरी स्टुडिओत बसवा, म्हणजे कुठे दम लागतो ते त्याला दिसेल.

नाशिकच्या मुलांनी तर चित्रांच्या ह्या खेळावर थोडा हक्कच सांगायला हवा. दादासाहेब फाळके जन्मले आपल्या त्र्यंबकेश्वरात आणि त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकात होती. त्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाच्या छोट्या पटात काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम घेऊन हलवल्या होत्या. त्या काळी चित्रपट मुका. शिबिरात मी मुलांना ही गोष्ट सांगते, टेबलावर काड्या मांडते आणि विचारते, ही काडी काय म्हणत असेल? कुणी काडीला चिरका आवाज देतं, कुणी म्हाताऱ्याचा. मागे एक मुलगा म्हणाला, "ती बोलणार नाही, ती रुसलीय," आणि नुसते श्वास टाकत बसला. त्याला दिग्दर्शकानं शिकवण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. माझ्या मालिकेच्या शेवटी मराठी कलाकारांची नावं येत नाहीत. मूळ देशातली श्रेयनामावली येते, तीही जाहिरातीसाठी अर्ध्यात तोडलेली. जपानी मालिकांत एपिसोडच्या शेवटी पात्राचं नाव आणि समोर आवाज देणाऱ्याचं नाव येतं, अगदी वाटसरू नंबर दोनचंसुद्धा. अमेरिकेत १९४० च्या दशकात बग्ज बनीचा आवाज देणारे मेल ब्लँक यांनी पगारवाढ मागितली होती. ती मिळाली नाही, त्याऐवजी पडद्यावर नाव द्यायचं कबूल झालं, आणि त्या नावामुळे त्यांना रेडिओवर कामं मिळत गेली. नावाचा उपयोग असा रोजीरोटीचा असतो. आमच्यात तर आणखी एक अडचण. आम्ही सगळे आपापल्या वेळेला येऊन एकेकटे रेकॉर्ड करतो. माझ्या पात्राच्या आईचा आवाज देणाऱ्या बाईंना मी अजून भेटलेले नाही. त्यांचा आवाज मी हेडफोनमध्ये ऐकते, त्यांना उत्तरं देते, त्यांच्या कुशीत झोपते, आणि त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही. आई कशी बोलते हे त्या फार जाणून आहेत, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

मे महिन्यात आमच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलं एक गोष्ट रेकॉर्ड करतात. गोधड्या लटकवून केलेली खोली, एक माइक, आणि बाहेर ओरडणाऱ्या पोपटांना कुणी काही करू शकत नाही. पालकांना रेकॉर्डिंग ऐकवायच्या आधी आम्ही सगळ्यांची नावं पात्रासकट वाचतो. ह्या वर्षी गोष्टीत कुत्रा फक्त एकदा भुंकत होता. भुंकणाऱ्या मुलाचं नाव यादीत राहून गेलं होतं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, कुत्रा कोण होतं ते त्यांना कसं कळणार?" आम्ही यादी पहिल्यापासून पुन्हा वाचली.